काकूंनी सोडलेलं मीठ

“तुमच्या वाटचं मीठ मी सोडलंय, तरी तुमचं बीपी खाली यीना. आता काय म्हणावं!”

ओपीडीबाहेरच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या कानात हे सांगत होत्या. कानात म्हणजे त्यांच्या मते. मी चार हातांवर वजनकाट्याशी उभी होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. नवऱ्यानं मांडीवरची फाइल सरळ केली आणि ते पुन्हा डॉक्टरांच्या दाराकडे बघत बसले.

मला वाटलं, ही बोलायची रीत असेल. ‘तुमच्यासाठी रक्त आटवलं’ म्हणतात, तशी. मी नांदेडला इंग्रजी माध्यमात शिकले. घरी मराठीच, पण मुळात मी बोलायला कमी. त्यामुळे लोक जे म्हणतात त्यातलं किती शब्दशः घ्यायचं, हा माझा अंदाज बऱ्याचदा चुकतो. त्या दिवशीही चुकला.

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात मी डाएटिशियन म्हणून लागले होते. पहिलीच नोकरी. डॉक्टरांनी पेशंट तपासला की तो माझ्या टेबलाकडे यायचा. तो काय खातो ते मी विचारायचे आणि काय खावं ते लिहून द्यायचे. लोक मला ‘जेवणाच्या मॅडम’ म्हणत. एका आजोबांनी तर मला जेवण वाढायला सांगितलं होतं.

बाकावरचं जोडपं म्हणजे बिराजदार सर आणि काकू. दसऱ्याच्या सुमारास सरांना चार्ट मीच लिहून दिला होता. सर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. भूकंपात गावचं घर गेलं. सरकारनं नव्या गावठाणात घर दिलं, पण तिथं जीव रमला नाही म्हणून ते लातूरला आले. तोवर शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यातून मुलं येत होती आणि त्यांना राहायला खोली आणि जेवायला मेस लागत होती. सरांनी वरच्या मजल्यावर मुलींना खोल्या दिल्या. खाली काकूंनी मेस सुरू केली. सर पोरींच्या शंका सोडवत आणि काकू पोटं भरत.

सर आत गेले आणि थोड्याच वेळात आमच्या डॉक्टर मॅडमचा आवाज आला. “स्नेहल! आत ये!”

मी गेले. मॅडमच्या हातात बीपीच्या मशीनचा पट्टा होता आणि कपाळावर आठ्या.

“मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे. तू दिलेला चार्ट कोण पाळतंय? भिंत?”

“मी पाळतो,” सर म्हणाले. वर्गात उभं केल्यासारखे ते ताठ बसले होते. “पापड बंद. लोणचं बंद. फरसाण बंद. वरून मीठ घेणं तर दसऱ्यापासून बंद. विचारा हिला.”

काकूंनी मान हलवली. “चोरून खाणाऱ्यातले न्हाईत हे. ह्यांना चोरीच जमत न्हाई.”

“मग बीपी काय हवेनं चढतंय?” मॅडम म्हणाल्या. “स्नेहल, सगळं परत विचार. पुढच्या सोमवारीही असंच असेल तर मी दुसरी गोळी सुरू करणार.”

मीठ आणि बीपी यांचा संबंध सोपा आहे. मिठात सोडियम असतं. ते शरीरात जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. मोठ्या माणसानं दिवसभरात मिळून साधारण एक सपाट छोटा चमचा मीठ खावं. मिळून म्हणजे भाकरीतलं, वरणातलं, चटणीतलं, बिस्किटातलं, सगळं धरून. आपल्याकडे तेवढं बहुतेक वेळा दुपारच्या जेवणातच संपतं.

माझ्या टेबलापाशी मी सरांची डाएट हिस्टरी घेतली. म्हणजे कालच्या सकाळपासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं, ते ओळीनं विचारायचं. सरांनी तोंडी परीक्षेसारखी उत्तरं दिली. कुठंच काही सापडेना.

“जेवण कसं लागतं आता? लोणच्याशिवाय?” मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. उगाच विचारला.

सरांचा चेहरा खुलला. “सुरुवातीला जड गेलं. पण आता लोणच्याची आठवणसुद्धा येत नाही. हल्ली हिच्या वरणाला अशी काही चव येते, की नुसतं वरण प्यावंसं वाटतं.”

बीपीचा पेशंट लोणचं सुटल्यावर महिना-दीड महिन्यात वरणाची स्तुती करतो, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते सगळे तक्रारच करतात.

काकू उठताना टेबलाची कड धरून क्षणभर थांबल्या. डोळे मिटले.

“काय झालं काकू?”

“काय न्हाई. उगं भोवळल्यासारखं होतंय मधी मधी. काम लई पडतंय ना.”

“मी तुमचं स्वयंपाकघर बघायला येऊ का?” मी विचारलं. विचारल्यावर माझेच कान गरम झाले. कुणाच्या घरी स्वतःहून जाणं मला जमत नाही.

“बघायला कशाला? जेवायलाच ये की पोरी. रविवारी ये. पोरींची टेस्ट असती सकाळी. आल्या की समद्या एकदम बसतात.”

रविवारी मी गेले. खालच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर पोरींच्या दोन पंगती बसल्या होत्या. टेस्टमध्ये कुणाचं फिजिक्स कसं गेलं यावर आरडाओरडा चालला होता. मला मुखेडची प्रणिता आणि हिमायतनगरची शाहीन यांच्यामध्ये जागा मिळाली. बसल्या बसल्या शाहीननं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“हे जवळ ठेवा मॅडम. लागंल.”

“का?”

“खा तर आधी,” प्रणिता म्हणाली आणि दोघी ताटात बघून हसायला लागल्या.

मी वरणात भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि तांब्या उचलला.

“सांगितलं होतं ना!” शाहीन खुश झाली. “रोज असंच चालून राहिलंय. आमच्या रूममध्ये पाण्याच्या बाटलीवर भांडणं व्हायलीत.”

“काकूंचं एवढं मीठ खाल्लंय मॅडम,” प्रणिता म्हणाली, “की त्याला जागायचं म्हणलं तर एमबीबीएस होऊन भागायचं न्हाई. एमडीच करावं लागंल.”

“मग काकूंना सांगत का नाही?”

दोघींचं हसू थांबलं. “काकूंना कोण सांगणार?” प्रणिता हळू आवाजात म्हणाली. “मागं मला ताप आलता तर माझ्या आईच्या आधी ह्या उशाला बसल्या होत्या. आणि त्यांचं हल्ली बरं न्हाई मॅडम. परवा भाजीत दोनदा हळद टाकली. मला तर शाहीन म्हणूनच हाक मारत्यात.”

“आणि मला कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत,” शाहीन म्हणाली. “माझं नाव तुला देऊन टाकलं.”

मी हसले, पण माझं जेवणातलं लक्ष उडालं होतं. सगळ्या पोरी एकाच भांड्यातलं जेवत होत्या. पंगतीच्या टोकाला बिराजदार सरही त्याच भांड्यातलं जेवत होते, आणि त्यांनी वरणाची दुसरी वाटी मागितली. चार्टमध्ये ‘वरून मीठ घेऊ नये’ असं लिहिलं होतं. ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. वरून घ्यायची गरजच नव्हती.

जेवण झाल्यावर मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले. काकू संध्याकाळची भाजी फोडणीला टाकत होत्या. ती हलवली, पाणी घातलं, मग डब्यात हात घालून मूठभर मीठ टाकलं. वरून आणखी एक चिमूट. झाकण ठेवलं. पळी तोंडाकडे गेलीच नाही. माझी आई सगळं तळहातावर घेऊन चाखते. मी कुठल्याच स्वयंपाकघरात न चाखता मीठ टाकणारं कुणी पाहिलं नव्हतं.

“चाखलं नाही, काकू?”

“मला चालत न्हाई ना मीठ. सोडलंय म्हणले न्हाई का मी?”

ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचं ताट झाकलेलं होतं. कोरडी भाकरी, उकडलेला भोपळा, वाटीभर दही. बाजूला पाण्याची कळशी. ओपीडीबाहेरचं ते वाक्य मला तेव्हा कळलं. ते शब्दशः घ्यायचं होतं.

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून. ह्यांना तुमच्या डाक्टरीणबाईनं मीठ तोडायला लावलं, त्याच दिवशी मी देवीला बोलले. ह्यांचं बीपी नारमल म्हणून डाक्टर बोलतील, त्या दिवशी तुझी ओटी भरीन आन मगच मीठ तोंडात घालीन.”

“आणि स्वयंपाकाचं मीठ कसं कळतं?”

त्यांना माझ्या अडाणीपणाची गंमत वाटली. “नैवेद्याला कुठं चाखतो आपण? देवाच्या आधी खाता येतंय व्हय? हाताला माप असतंय, पोरी. आन माझ्या व्रतापायी पोरींच्या ताटात अळणी जाऊ नये, म्हणून एक चिमूट जास्तच टाकते.”

मी डब्यात डोकावले. बारीक, पांढरंशुभ्र पाकिटातलं मीठ होतं.

“पहिल्यापासून हेच वापरता?”

“न्हाई, आधी जाडं मीठ असायचं. ह्यांनी बंद केलं. म्हणाले, पोरींना आयोडीन लागतं, अभ्यासाला चांगलं. हे पाकीटं आणालेत आता. तेबी दसऱ्यापासूनच.”

आयोडीनचं सर बरोबर बोलले होते. गोंधळ वेगळाच होता. जाड्या मिठाच्या खड्याखड्यांमध्ये हवा असते. बारीक मीठ मुठीत गच्च बसतं. काकूंची मूठ तीच होती, पण तिच्यातलं मीठ वाढलं होतं. एरवी पहिल्याच दिवशी पळी तोंडाला लागली असती आणि हात आपोआप आवरला असता. ते चाखणंच नेमकं बंद झालं होतं. नवऱ्याचं बीपी उतरावं म्हणून धरलेलं व्रत त्याच्या वरणात उतरत होतं.

हे मला कळलं, पण बोलता आलं नाही. कारण तेवढ्यात काकू पुढं बोलायला लागल्या.

“भूकंपात आमचा धाकटा घरात दबला होता. माणसं दगडं काढालती. मी तिथंच मातीत बसले आन देवीला म्हणले, लेकरू दे. तवर मिठाला शिवणार न्हाई. दुसऱ्या दिवशी जिता निघाला. पायाला लागलं तेवढंच. आता पुण्यात हाय, नोकरीला. म्हणून मला भरवसा हाय बघ.”

यावर मी कुठला चार्ट काढणार होते?

मी दुसरं विचारलं. “काकू, तुम्ही कुठली गोळी घेता का?”

“पाय सुजायचे, तवा एका डाक्टरनी लघवीची गोळी दिलती. तीच मेडिकलमधून आणून घेते. लई दिवस झाले. आन पाणी लई पिते. पाण्यानं समदं साफ होतंय म्हणतात.”

लोकांना एवढंच माहीत असतं की मीठ वाईट. आम्हीच ते सांगत फिरतो. पण रक्तात सोडियम ठरावीक प्रमाणात लागतंच. लघवीची गोळी ते बाहेर टाकते, भरमसाट पाणी ते पातळ करतं, आणि अशा वेळी जेवणातूनही आलं नाही तर ते घसरत जातं. मग चक्कर येते, मळमळतं, नावं विसरतात, भाजीत दोनदा हळद पडते. आणखी घसरलं तर झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतं. सरांची काळजी करायला आम्ही सगळे होतो. खरा धोका ओट्यापाशी उभा होता आणि मला आणखी एक भाकरी घ्यायचा आग्रह करत होता.

“उद्या सरांबरोबर तुमचंही रक्त तपासू या,” मी म्हणाले.

“मला काय झालंय?”

“मला बघायचंय.”

“काय बघणार?”

“मीठ.”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. “रक्तात मीठ असतंय व्हय? बघ बाई, बघ.”

निघताना मी सरांना अंगणात गाठलं. त्यांना व्रत माहीत होतं. “तिच्या श्रद्धेत मी पडत नाही,” ते म्हणाले. “शिवाय मीठ कमी खाणं चांगलंच ना? तुम्हीच तर सांगता.” मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की काकूंना चक्कर आली किंवा त्या जास्त गोंधळल्या तर उद्याची वाट बघू नका, लगेच घेऊन या.

सोमवारी रिपोर्ट आला. काकूंच्या सोडियमपुढं खाली दाखवणारा बाण होता. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि खुर्ची पुढं ओढली.

“काकू, ती गोळी आजपासून बंद. पाणी मी सांगते तेवढंच. आणि आज दुपारपासून सगळ्यांसारखं मीठ घातलेलं जेवायचं.”

“गोळी बंद करते. पाणी बी कमी पिते. मीठ न्हाई.”

“मीठ हेच औषध आहे तुमचं.”

“ह्यांचं बीपी नारमल आलं का?”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांनाही जमलं नाही.

“मग न्हाई.”

मॅडमनी समजावलं, मग रागावल्या, मग मेंदूला सूज येते म्हणजे काय ते चित्र काढून दाखवलं. काकू शांतपणे ऐकत होत्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. मग ॲडमिट व्हा. सलाइन लावते.”

“सलाइन चालंल,” काकू लगेच म्हणाल्या. “लावा.”

मॅडमच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे गप्प बस. मला मात्र राहवलं नाही. काकूंना फसवून त्यांचं व्रत मोडायचं, हे मला बरोबर वाटेना.

“काकू,” मी म्हणाले, “सलाइन म्हणजे मिठाचंच पाणी असतं.”

काकूंनी हात मागं घेतला. “मग तेबी नको.”

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी संपली असं मला वाटलं. “मी राउंडला जातेय,” त्या उठत म्हणाल्या. “येईपर्यंत तूच समजाव. तूच बिघडवलंयस. आणि सर, तोपर्यंत यांना एकटं सोडायचं नाही.”

केबिनमध्ये आम्ही तिघंच उरलो. सर हवालदिल झाले होते. “अगं, ऐक की जरा,” एवढंच ते परत परत म्हणत होते. काकूंनी मला जवळ बोलावलं.

“तू सांग. मीठ खाल्लं आन ह्यांना काय झालं तर? देवी कोपली तर?”

“आमच्याकडं देवी नसते, काकू,” मी म्हणाले. “आमच्याकडं बुद्धवंदना असते. मला त्यातलं कळत नाही.”

नोकरीला लागल्यापासून हे मी दवाखान्यात कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

“मग तर बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “तुला देवीची भीती न्हाई. तू खरं सांगशील.”

खरं मला माहीत होतं. पण साठीच्या आसपासच्या बाईला, तिच्या नवऱ्यासमोर, ‘तुमच्या व्रतानंच यांचं बीपी चढलंय’ असं सांगायचं कसं? म्हणून मी उठले आणि खाली दवाखान्याच्या किचनमध्ये गेले. तिथं पेशंटचं जेवण मोजायचा छोटा वजनकाटा असतो. तो घेतला. बारीक मीठ किचनमध्ये होतंच. समोरच्या किराणा दुकानातून जाडं मीठ आणलं.

परत आल्यावर दोन वाट्या काकूंसमोर ठेवल्या.

“काकू, हे जाडं. भाजीत टाकता तशी मूठ भरा.”

त्यांनी भरली. मी ती मूठ काट्यावर रिकामी करायला लावली आणि आकडा सरांना दाखवला.

“आता हे बारीक. तशीच मूठ.”

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच पुढं गेला. सर काट्यावर वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग काट्याकडून वाट्यांकडे आणि वाट्यांकडून काकूंच्या मुठीकडे त्यांची नजर गेली. पस्तीस वर्षं पोरांना घनता शिकवलेला माणूस होता तो. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

“अरे देवा,” सर म्हणाले. “बारीक मीठ मी आणलं. आणि चाखणं तू बंद केलंस.” त्यांनी कपाळावर हात मारला. “म्हणून वरण एवढं गोड लागत होतं व्हय मला! अगं, लोणचं सोडून मी लोणच्यात पोहत होतो!”

“म्हंजे?” काकू म्हणाल्या.

“म्हणजे तू माझ्यासाठी मीठ सोडलंस, ते सगळं माझ्याच वाटीत येऊन पडलं.”

काकूंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर मिठाचे कण चिकटले होते. त्या रडतील असं मला वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या हसत होत्या.

“आन पोरी? पोरीबी तसलंच खाल्ल्या?”

मी मान हलवली.

“एक बी बोलली न्हाई भवानी!”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आन तुमी? दोन दोन वाट्या वरपत होतात!” त्या सरांकडे वळल्या. सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मग काकूंनी हात जोडून डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि डोळे उघडले. “सांगितलं तिला. ज्याच्यासाठी धरलं त्यालाच बाधालं, तर सोडते म्हणले. चाखल्याबिगर संसार होत न्हाई, हे तिलाबी कळतंय. पण रिकाम्या हातानं सोडू नये. मिठाच्या बदल्यात साखर सोडते. च्या बिनसाखरेचा.”

डाएटिशियन म्हणून या व्रताला मी तिथल्या तिथं मनापासून मंजुरी दिली.

मॅडम राउंडहून परतल्या तेव्हा काकू पलंगावर झोपल्या होत्या, हाताला सलाइन होतं आणि त्या सिस्टरला त्यातलं मीठ बारीक की जाडं ते विचारत होत्या. मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

“काय सांगितलंस त्यांना?”

“काही नाही. वजन केलं.”

“कुणाचं?”

“मिठाचं.”

मॅडम पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसल्या.

काकू लवकर सावरल्या. प्रणिताला प्रणिता म्हणायला लागल्या आणि शाहीनला तिचं नाव परत मिळालं. मेसमध्ये नियम झाला, की भाजी उतरायच्या आधी काकू चाखणार आणि सरांचं वरण आधी बाजूला काढून त्यात बेतानंच मीठ पडणार. सरांनी त्यांच्या सवयीप्रमाणे मिठाच्या डब्यात मापाचा चमचा टाकला आणि त्याचं महत्त्व पोरींना एका तासात समजावून दिलं. पुढच्या तपासण्यांत त्यांचं बीपी उतरत गेलं. दुसरी गोळी लागलीच नाही. ‘नॉर्मल’ हा शब्द मॅडमनी उच्चारला त्या दिवशी काकूंनी ओटी भरली आणि प्रसादाचा नारळ माझ्या टेबलावर आणून ठेवला.

या प्रकरणातून मी माझ्या कामापुरता एक धडा घेतला. ‘मीठ कमी खा’ एवढं सांगायला डाएटिशियन लागत नाही, ते रिक्षावालाही सांगतो. कुणी कमी खायचं, किती कमी, आणि घरातलं मीठ कुणाच्या हातातून पडतं, एवढं विचारायला पगार मिळतो. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक प्रश्न वाढलाय. स्वयंपाक कोण चाखतं?

थोड्याच दिवसांत येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूरची माणसं डबे, घागरी घेऊन रानात जातात आणि शहराच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ओपीडी रिकामी असते. सरांच्या गावाकडच्या शेतात आम्ही सगळे गेलो. मॅडम होत्या, मेसच्या पोरी होत्या, पुण्याहून धाकटा आला होता. कडब्याच्या खोपीत पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली. हरभरा फुलावर होता. काकूंनी पानात बाजरीचे उकडलेले उंडे आणि भज्जी वाढली. भज्जी म्हणजे रानातल्या साऱ्या ओल्या शेंगांची आणि पाल्याची बेसन लावलेली भाजी. मग मातीच्या बिंदग्यातून आंबील ओतली. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाचा वास येणारी.

काकू पेले भरत एकेकाला विचारत होत्या, “कशी झालीया?”

“एक नंबर!” प्रणिता म्हणाली.

“लई भारी!” शाहीन म्हणाली.

सर म्हणाले, “उत्तम.” मॅडमही म्हणाल्या, “छान आहे हो.”

मी घोट घेतला. आंबील मिळमिळीत होती. महिना-दीड महिना अळणी खाल्लेल्या जिभेला जरासं मीठही पुष्कळ वाटतं. ती जागेवर यायला वेळ लागतो. काकू चाखत होत्या, पण जीभ अजून व्रतातच होती. त्यात सरांच्या बीपीच्या धास्तीनं हात आखडलेला. आणि सगळे पुन्हा तेच करत होते, काकूंना वाईट वाटू नये म्हणून खरं सांगत नव्हते.

काकू माझ्यापुढं येऊन थांबल्या. “तू काय बोलत न्हाईस पोरी? तू सांग. खरं सांग.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडमसुद्धा. पगार मला मीठ कमी करायला सांगण्याचा मिळत होता. मी पेला खाली ठेवला आणि पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“काकू, मीठ कमी आहे. घाला थोडं.”